तलवार तिची, गादी कोणाची?

गेल्या नवरात्रात आमच्या भागातील एका देवस्थानाच्या व्याख्यानमालेत 'शक्तीची रूपे' या विषयावर एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले. वक्ते बहुश्रुत होते. सप्तशतीतील देवीपासून आरंभ करून ते झाशीच्या राणीपर्यंत आले आणि तेथून एकदम जपानात जाऊन पोचले. एका जुन्या जपानी चित्रपटातील दोन-तीन मिनिटांचा तुकडा त्यांनी पडद्यावर दाखविला. किमोनो नेसलेली एक देखणी तरुणी, तिच्या हाती आखूड तलवार, आणि भोवती तिच्या जिवावर उठलेले दहा-वीस गुंड. एकेक गुंड कोसळू लागला तसतशा टाळ्या वाढत गेल्या. शेवटी वक्ते म्हणाले, "ही पाहा जपानची महिषासुरमर्दिनी!" सभामंडप दुमदुमून गेला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

त्यानंतर पंधरवड्याने त्याच देवस्थानाची सभा भरली. महाजनांच्या यादीत घराण्यांतील मुलींचीही नावे यावीत, यासाठी वरिष्ठांकडे मागणी करावी, अशा आशयाचा एक अर्ज सभेपुढे आला. अर्ज चार ओळींचा होता. त्यावर कोणी रागावले नाही, कोणी वादही घातला नाही. 'पुढे पाहू' असे म्हणून तो बाजूस ठेवण्यात आला आणि पालखीच्या रंगकामाचा विषय निघाला. टाळ्या वाजविणारे हात आणि अर्ज बाजूस सारणारे हात बहुतांशी तेच होते.

या दोन प्रसंगांत मोठी विसंगती आहे, असे माझ्या एका मित्राचे म्हणणे पडले. मला मात्र त्यांत पूर्ण सुसंगती दिसते. बाईला देवी म्हणून हात जोडले की तिला सभासद करण्याचे टळते; देवीला मत द्यावे लागत नाही, तिच्यापुढे फक्त उदबत्ती लावावयाची असते. आणि नवल असे की, वक्त्यांनी ज्या चित्रपटाचा दाखला दिला, तो सबंध पाहिला असता तर त्यांना नेमकी हीच गोष्ट त्यात सापडली असती. दोन मिनिटांचा तुकडा पाहून त्यांनी देवी शोधली. पाऊण-दोन तासांचा चित्रपट पाहणाऱ्यास तेथे एक मुलगी दिसते, जिला बापाच्या घराण्याने सर्व काही मागितले आणि दिले मात्र काहीच नाही.

सुज्ञ वाचक विचारतील, जपानी गुंडांच्या चित्रपटांची ही चर्चा या मासिकात कशासाठी? देवळाच्या ओसरीवर बसणाऱ्यांचा जुगारी टोळ्यांशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जरा अडचणीचाही आहे. जपानातील या टोळ्यांना 'याकुझा' म्हणतात. या, कु आणि झा म्हणजे आठ, नऊ आणि तीन. पत्त्यांच्या एका डावात हे तीन आकडे हाती आले की बेरीज वीस होते, आणि शेवटचा अंक तेवढा मोजावयाचा असल्याने हाती शून्य उरते. अर्थात याकुझा म्हणजे कवडीमोल डाव, कुचकामाचा माणूस. यांच्यातील जुनी शाखा फिरत्या जुगाऱ्यांची. जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला आपला जो वाटा काढून घेतो, ज्याला आपल्याकडे 'नाल' म्हणत, त्याला जपानीत 'तेरासेन' असा शब्द आहे. 'तेरा' म्हणजे बौद्ध मंदिर आणि 'सेन' म्हणजे पैसा. मंदिरांच्या आवारावर नगराच्या कोतवालाची सत्ता चालत नसे, त्यांचा कारभार वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असे. म्हणून जुगाराचे फड तेथे बसत आणि मिळकतीतील काही हिस्सा देवळास जाई, असे या शब्दाचे मूळ सांगितले जाते. दुसरी शाखा उत्सवांतील दुकानदारांची; जत्रेत कोणी कोठे खेळणी मांडावीत आणि कोणी कोठे खाद्यपदार्थ विकावेत हे ती ठरवी. तेव्हा देव, जत्रा, पैसा आणि दंडेली यांचे हे नाते आपल्याला अगदीच अपरिचित आहे, असा आव आपण न आणलेला बरा.

आणखी एक धागा तर आपल्या गोव्यातूनच जातो. पोर्तुगीज लोक १५४३ साली जपानच्या किनाऱ्यास लागले. पुढे गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा त्यांच्या जहाजांचा मार्ग ठरून गेला. त्या जहाजांबरोबर पत्ते जपानात गेले; म्हणूनच जपानीत पत्त्यांना आजही 'कारुता' म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीज 'कार्ता'चाच अवतार होय. परदेशी धर्तीच्या पत्त्यांवर सरकारची बंदी येत गेली, तसतसा जपानी माणसाने नवा पत्ता काढला. शेवटी 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते निर्माण झाले : बारा महिन्यांची बारा झाडे-फुले, प्रत्येकाची चार पाने, एकूण अठ्ठेचाळीस. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची प्रत्येकी बारा मिळून १२० पाने. एकाने खेळात देव आणले, दुसऱ्याने ऋतू आणले. मी ज्या नायिकांविषयी लिहीत आहे त्या याच फुलांच्या पत्त्यांवर आपला जीव लावतात.

आता त्या 'महिषासुरमर्दिनी'कडे वळू. तिचे नाव ओर्यू. तोएई कंपनीने १९६८ ते १९७२ या काळात तिच्यावर आठ चित्रपट काढले. मालेचे नाव 'हिबोतान बाकुतो', म्हणजे तांबड्या बोतान फुलाची जुगारीण. बोतान म्हणजे पिओनी. नायिकेची भूमिका फुजी जुन्को हिने केली. (जपानी रीतीप्रमाणे येथे आडनाव आधी लिहिले आहे.) काळ मेइजी राजवटीचा. ओर्यू ही क्यूशू बेटावरील कुमामोतोच्या एका टोळीनायकाची मुलगी. बापाने तिला सन्मार्गाने वाढविले, चांगल्या घरी द्यावयाचे योजिले. परंतु बापाचा खून होतो, टोळी मोडते, आणि मुलगी खांद्यावर बोतान फूल गोंदवून घेऊन बापाच्या मारेकऱ्याचा शोध घेत गावोगाव जुगार खेळत फिरू लागते.

या गोंदणाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपल्याकडे आजीच्या कपाळावरचे आणि हातावरचे गोंदण हे बाईपणाचे लेणे. मेल्यावर बरोबर येणारा दागिना तेवढा एकच, असे जुन्या बायका म्हणत. ओर्यूचे गोंदण याच्या अगदी उलट आहे. ती बाईपणाची सोडचिठ्ठी आहे. मेइजी सरकारने १८७२ साली गोंदणावर बंदी घातली होती, ती १९४८ पर्यंत उठली नाही. म्हणजे हे फूल अंगावर घेणारी मुलगी कायद्याच्या, लग्नाच्या आणि घरसंसाराच्या बाहेर पडली. तिने हे कशासाठी केले? स्वतःच्या सुखासाठी म्हणावे तर तिच्या वाट्याला सुख नाही. धनासाठी म्हणावे तर जिंकलेला पैसा ती दुसऱ्याच्या कर्जफेडीस देऊन टाकते. हे सारे बापाच्या नावाची टोळी पुन्हा उभी राहावी म्हणून. टोळीचे नाव यानो, गादी यानोंची. तिला मिळाली ती दुसऱ्या पिढीची राखणदारी. प्रत्येक चित्रपटात कोणी एक भला पुरुष तिच्या साहाय्यास येतो, दोघांची नजर एकमेकांत गुंतते, आणि शेवटच्या झुंजीत बहुधा तो मरतो. ती एकटी उरते, पुढच्या गावाला निघते.

पडद्याबाहेरची कथा याहून बोलकी आहे. या मालेचे निर्माते शुन्दो कोजी हे फुजी जुन्कोचे वडीलच होते. म्हणजे पडद्यावर ती बापाच्या टोळीसाठी लढत होती आणि पडद्यामागे बापाच्या कंपनीसाठी. १९७२ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, तिने ओनोए घराण्यातील एका काबुकी नटाशी विवाह केला आणि चित्रसंन्यास घेतला. निरोपासाठी कंपनीने आपल्या झाडून साऱ्या नटांना एकत्र आणून एक वेगळा चित्रपट काढला. आता हे काबुकी म्हणजे काय? परंपरा सांगते की १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या एका स्त्रीने, जी इझुमोच्या देवस्थानाची सेविका म्हणवीत असे, क्योतो येथे या नाट्याचा आरंभ केला. १६२९ मध्ये सरकारने स्त्रियांना रंगभूमीवर बंदी केली. तेव्हापासून बाईची भूमिका पुरुष करीत आले आणि ती कला बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. बाईने निर्माण केलेल्या कलेच्या घरात बाईने सून म्हणून यावे, रंगमंचावर मात्र येऊ नये! आठ चित्रपटांत शेकडो पुरुषांना लोळविणारी ओर्यू या एका उंबरठ्यावर तलवार ठेवून आत गेली. सुदैवाने ती पुढे परतली. १९८९ मध्ये नावाची अक्षरे बदलून, फुजी सुमिको म्हणून, ती पुन्हा चित्रपटात दिसली. परंतु मधली सतरा वर्षे पडद्याला परत मिळाली नाहीत.

हे मी कोणाची निंदा म्हणून लिहीत नाही. तो तिचा निर्णय होता आणि ती त्यात सुखी असेल. माझा प्रश्न टाळ्या वाजविणाऱ्यांना आहे. जिला तुम्ही शक्ती म्हणता तिच्या हातात शस्त्र पाहून तुम्ही थांबता. ती कोणाच्या नावासाठी लढते आणि लढून झाल्यावर तिच्या नावावर काय राहते, हे विचारीत नाही.

ओर्यूच्याही आधी, १९६६ साली, दाइएई कंपनीने एनामी क्योको हिला घेऊन 'ओन्ना नो तोबा', म्हणजे बाईचा जुगारफड, हा चित्रपट काढला होता. तो इतका चालला की १९७१ पर्यंत त्या मालेचे सतरा भाग निघाले, आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले तेव्हाच ती थांबली. आज ओर्यूचे नाव जाणणाऱ्यांतही एनामीचे नाव फारसे कोणास ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे. कारण ही नायिका तलवारीपेक्षा हातांच्या कसबावर उभी आहे. वेताच्या लहान पेल्यात दोन फासे घालावयाचे, पेला हलवून चटईवर उपडा घालावयाचा, आणि सम की विषम यावर समोरच्या ओळींनी पैसे लावावयाचे, असा हा खेळ. फासे टाकणाऱ्याच्या मनगटावर सगळ्या फडाचा विश्वास असतो. एनामीचा चेहरा थंड आणि निश्चल. पेला उचलताना तिची पापणीही हलत नाही. धंद्यात मुरलेल्या बाईचा एवढा गंभीर सन्मान मी फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे.

परंतु या फडात एक रीत आहे. फासे टाकणारा आपला खांदा, कित्येकदा सबंध धड, उघडे टाकतो. बाहीत काही लपविलेले नाही, याची ती ग्वाही. पुरुषाने खांदा उघडा केला की तो प्रामाणिकपणाचा पुरावा ठरतो. बाईने तेच केले की त्याचा देखावा होतो. फडातले पुरुष फाशांकडे पाहावयाचे सोडून खांद्याकडे पाहू लागतात, आणि त्यांच्याबरोबर चित्रगृहातले प्रेक्षकही. एनामीच्या आणि फुजीच्या चित्रपटांनी ही मर्यादा पुष्कळ सांभाळली. पुढे मात्र ती सुटली. १९७३ साली सुझुकी नोरिफुमी या दिग्दर्शकाने इके रेइको हिला घेऊन इनोशिका ओचो या जुगारी स्त्रीची कथा पडद्यावर आणली. बाप मारला जातो, त्याच्या मुठीत तीन पत्ते सापडतात, रानडुक्कर, हरीण आणि फुलपाखरू. मुलगी त्या तीन खुणांच्या तीन माणसांचा माग काढते. कल्पना उत्तम. परंतु त्या चित्रपटाची ख्याती झाली ती नायिका अंगावर वस्त्र नसताना बर्फात तलवार चालविते त्या प्रसंगामुळे. परदेशातील शौकीन याच चित्रपटाला बंडखोर स्त्रीत्वाचा नमुना म्हणून नावाजतात. हे बंड मोठे सोयीचे! बाईने सूड घ्यावा, शौर्य गाजवावे, पण आम्हांस पाहावयास मिळेल अशा वेषात. आमच्या व्याख्यात्यांनी बाईची मूर्ती केली, या शौकिनांनी तिचा तमाशा केला. दोघांनीही तिच्याकडे पाहिले ते स्वतःच्या सोयीनेच.

बाप, नवरा, घराणे यांपैकी कोणाचेच नाव न घेता बाई या फडात आली तर काय होते? याचे उत्तर १९६४ सालच्या 'कावाइता हाना', म्हणजे सुकलेले फूल, या चित्रपटात आहे. दिग्दर्शक शिनोदा मासाहिरो, संगीत ताकेमित्सु तोरू यांचे. साएको नावाची एक श्रीमंत तरुणी रात्री जुगाराच्या अड्ड्यावर येते, पुरुषांच्या रांगेत बसून मोठमोठ्या रकमा लावते. ती कोण, कोठली, कशासाठी येते, हे कोणी तिला विचारीत नाही आणि चित्रपटही सांगत नाही. कागा मारिको या नटीचे टपोरे, थकलेले डोळे तेवढे सांगतात की हिला घरातल्या सुरक्षिततेचा कंटाळा आला आहे. तिला सूड घ्यावयाचा नाही, गादी सांभाळावयाची नाही. तिला फक्त स्वतःच्या जबाबदारीवर काही तरी हरावयाचे आहे. अशा बाईला हे चित्रपट क्षमा करीत नाहीत. शेवटी तुरुंगातल्या नायकाला कळते की साएको मारली गेली. तेही आपण पडद्यावर पाहत नाही, ऐकतो. कन्या म्हणून आली तिला तलवार मिळाली, स्वतःची म्हणून आली तिला मरणाचा प्रसंगदेखील मिळाला नाही.

मग गादी बाईच्या वाट्याला येते तरी केव्हा? १९८१ सालच्या 'सेराफुकु तो किकानजू', म्हणजे शाळकरी गणवेष आणि मशीनगन, या सोमाई शिंजी यांच्या चित्रपटात याचे विनोदी उत्तर मिळते. मेदाका नावाच्या एका फुटकळ टोळीचा नायक मरतो; वारस रक्ताचाच हवा, असा त्याचा आग्रह. पुरुष वारस उरलेला नाही, म्हणून गादी येते इझुमी या शाळकरी पोरीकडे. टोळीत माणसे उरली आहेत चार. याकुशिमारू हिरोको या कोवळ्या नटीने ही भूमिका केली आणि जपानभर तिचे नाव झाले. लोक हसले. परंतु हसता हसता एक गोष्ट सांगून झाली होती : घर भरलेले असते तोवर मुलगी परक्याचे धन, घर बुडाले, देणेकरी दारात आले, की मग कुळाला तिची आठवण होते.

ही केवळ चित्रपटातील थट्टा नव्हे. त्याच १९८१ साली यामागुची-गुमी या जपानच्या सर्वांत मोठ्या टोळीचा तिसरा नायक ताओका काझुओ मरण पावला. ज्याच्याकडे गादी जावयाची तो यामामोतो केनइची १९८२ च्या आरंभी वारला. तेव्हा ताओकाची विधवा फुमिको हिने मधल्या काळात टोळीची सूत्रे सांभाळली. १९८४ साली ताकेनाका मासाहिसा हा चौथा नायक झाला, टोळी फुटली, आणि १९८५ च्या जानेवारीत त्याचा खून झाला. टोळीच्या नायकांची गणना तिसरा, चौथा, पाचवा अशी चालते. मधल्या त्या बाईला त्यात क्रमांक नाही. गुन्हेगारांच्या गादीचे मला दुःख नाही, त्या गाद्या मोडलेल्याच बऱ्या. परंतु हिशेबाची ही रीत कोठे तरी पाहिल्यासारखी वाटते. घर सांभाळले तिने, वंशावळीत नाव त्याचे.

पुढे इएदा शोको या लेखिकेने टोळीवाल्यांच्या बायकांमध्ये प्रत्यक्ष फिरून लिहिलेल्या वृत्तान्तावरून गोशा हिदेओ यांनी १९८६ साली 'गोकुदो नो ओन्नातची' हा चित्रपट केला. नवरा तुरुंगात असताना त्याची टोळी चालविणारी तामाकी ही त्याची नायिका. इवाशिता शिमा या थोर नटीने ती उभी केली. १९९८ पर्यंत या मालेचे दहा भाग निघाले. येथेही हुकूम बाईचा चालतो, पण तो नवऱ्याच्या जागी बसून. 'मालक आत आहेत तोवर मी आहे,' हा तिच्या साऱ्या रुबाबाचा अर्थ.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग हे चित्रपट पाहावेच कशाला? माझे म्हणणे असे की अवश्य पाहावेत, आणि त्यांतील जे सरस आहेत ते एका वेगळ्या कसोटीवर निवडून पाहावेत. बाईने किती पुरुष मारले हे मोजू नये. तिने कोणासाठी जोखीम घेतली ते पाहावे. ती बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाबाहेर पडून दुसऱ्या एखाद्या बाईसाठी उभी राहिली की हे चित्रपट एकदम खरे होतात.

ओर्यूच्या मालेत कातो ताई या दिग्दर्शकाने केलेले भाग याच कारणासाठी मला श्रेष्ठ वाटतात. १९६९ च्या 'हानाफुदा शोबु'मध्ये ओर्यू एका आंधळ्या मुलीला आगगाडीखाली सापडता सापडता वाचविते. त्या मुलीची आई ओर्यूचेच नाव लावून फसवाफसवीचा जुगार खेळणारी तोतया आहे. ओर्यूने तिला शासन करावे, हा टोळीचा न्याय. परंतु आंधळ्या पोरीच्या औषधोपचारासाठी धडपडणारी आई पाहून तिचे मन द्रवते. पुढल्या वर्षीच्या 'ओर्यू सान्जो'त ती त्याच मुलीचा शोध घेत तोक्योच्या आसाकुसा भागात येते. त्यात पुलावर बर्फ पडत असताना ती परगावी निघालेल्या सोबत्याच्या हाती वाटखर्चासारखी संत्री देते आणि त्यातले एक निसटून बर्फावर घरंगळत जाते. जपानी रसिक हा प्रसंग आजही विसरलेले नाहीत. मला मात्र त्या संत्र्याहून ती मुलगी मोठी वाटते. तिच्यासाठी ओर्यू जे करते ते कोणत्याही गादीच्या हिशेबात बसत नाही.

तसाच १९७२ सालचा 'गिन्चो वातारिदोरी' हा काजी मेइको हिचा चित्रपट. काजीची कीर्ती झाली ती तुरुंगातील सूडकथांमुळे. हा लहानसा चित्रपट मागेच राहिला. नायिका नामी एका याकुझाच्या खुनाची शिक्षा भोगून गिन्झा भागात परतते. तलवार म्यान ठेवून ती बिलियर्डच्या टेबलावर पैज लावते, ज्या बाईने तिला आसरा दिला तिचे मद्यगृह वाचविण्यासाठी. आणि जिच्या नवऱ्याला तिने मारले त्या विधवेचे ऋण तिच्या मनातून जात नाही. सूडाच्या कथांत मेलेल्याच्या बायकोकडे कोण पाहतो? येथे मारणारीच पाहते.

आणि १९८२ चा 'किर्युइन हानाको नो शोगाई'. तोसा प्रांतातील कोचीच्या ओनिमासा नावाच्या टोळीनायकाची ही कथा मियाओ तोमिको या कोचीच्याच लेखिकेने लिहिली. तिचे वडील मुलींना गेइशांच्या घरी लावून देणारे दलाल होते. पुरुषांची ही दुनिया तिने उंबरठ्याच्या आतून पाहिली होती. ओनिमासाने दत्तक घेतलेली मुलगी मात्सुए ही नात्सुमे मासाको हिने केली. घरात मोलकरणीसारखी वाढलेली ही मुलगी एकच हट्ट धरते, शिकण्याचा. आणि शिकून शिक्षिका होते. नवऱ्याच्या मरणानंतर त्याच्या अस्थी मागावयास ती सासरी जाते, तेथे तिचा अपमान होतो, तेव्हा ती ताठ उभी राहून आपण कोणाची मुलगी आहोत हे सांगते. तिच्या हाती शस्त्र नाही. बापाचे नाव तीही घेते, परंतु त्या बापाने मारलेले, छळलेले सारे पचवून, शिकून, स्वतःच्या पायांवर उभी राहिल्यानंतर घेते. नात्सुमे १९८५ मध्ये सत्तावीस वर्षांची असताना वारली. एवढ्या एका प्रसंगासाठी जपान तिला विसरलेले नाही. मला विचाराल तर या सगळ्या चित्रपटांतील सर्वांत बलवान स्त्री ती, आणि तिच्या बळाचे नाव शाळा.

एक आक्षेप मात्र मान्य केलाच पाहिजे. हे चित्रपट गुन्हेगारांना थोर करून दाखवितात. जुन्या टोळ्यांत सचोटी होती, दुबळ्यांचा कैवार होता, हे त्यांचे चित्र मोठ्या प्रमाणात खोटे आहे. खऱ्या टोळ्या खंडणीवर, सावकारीवर आणि बायकांच्या विक्रीवर पोसल्या गेल्या. त्यांना आळा घालणारा कायदा जपानने १९९१ साली केला आणि तो पुढल्या वर्षी अमलात आला, तो काही उगीच नव्हे. परंतु ज्यांना या कारणाने हे चित्रपट त्याज्य वाटतात त्यांना मी विचारतो : गुन्हेगारांचे घराणे आणि सज्जनांचे घराणे यांत बाईच्या वाट्याबाबत फरक किती पडला? टोळीचा धंदा काळा आणि आमचे कूळ उजळ. पण मुलगी वारस नसताना आठवावयाची, विधवेने मधला काळ निभावून न्यावयाचा, आणि सर्वांनी मिळून तिला रणचंडी म्हणावयाचे, ही रीत दोन्हीकडे एकच. दुष्टांच्या घरात ती आपल्याला चटकन दिसते, म्हणून तरी हे चित्रपट पाहिले पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा येईल की देवीची उपमा आदराने दिली होती, तिचा एवढा विपर्यास का करावा? आदराविषयी माझी शंका नाही. परंतु सप्तशतीच वाचावी. तेथे सर्व देवांनी आपापले तेज देवीला दिले, आयुधे तिच्या स्वाधीन केली, आणि असुर मेल्यावर ती आयुधे परत मागितली असे कोठे लिहिलेले नाही. देवांनी जे केले ते करण्याची ज्यांची तयारी नाही त्यांनी निदान ती उपमा तरी जपून वापरावी.

व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे. पुढल्या नवरात्रात तो दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा दाखवू नका, सबंध चित्रपट दाखवा. मात्सुएचा दाखवा, नामीचा दाखवा. सभामंडपात पुढे बायकांना बसवा, कारण त्यांना तो आपल्यापेक्षा लवकर समजेल. टाळ्या नाही वाजल्या तरी चालेल. आणि तो चार ओळींचा अर्ज, जो 'पुढे पाहू' म्हणून बाजूस ठेवला आहे, तो दप्तरातून काढून पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्या. पालखीचे रंगकाम एक महिना थांबू शकेल.